मरीन बायॉलॉजिस्ट व्हायचंय? बारावीपासून पहिल्या कामापर्यंतचे टप्पे, आणि बहुतेकांचा क्रम कुठे चुकतो

दर जूनला रिझल्ट लागले की मला तेच दोन-तीन मेसेज येतात. "दादा मला समुद्र खूप आवडतो, स्कूबा पण केलंय मालवणला, आता मरीन बायॉलॉजिस्ट कसं व्हायचं?" आणि दुसरा, एमएससी झालेल्याचा, "सर दोन वर्षं झाली, मरीन बायॉलॉजिस्टची व्हॅकन्सीच निघत नाही." दोघांचा घोळ एकच आहे. आवड आधी, मग जी मिळेल ती डिग्री, मग एखादी परीक्षा, आणि काम नेमकं काय असतं ते सगळ्यात शेवटी बघायचं. हा क्रम उलटा करायचाय, बाकी सगळं त्यातून निघतं.

मी स्वतः चिखलातले किडे मोजणारा माणूस आहे. खाडीच्या तळाचा गाळ काढायचा, चाळायचा, त्यात राहणारे पॉलिकीट, म्हणजे गांडुळासारखे समुद्री किडे, वेगळे करून मायक्रोस्कोपखाली ओळखायचे. डॉल्फिन वर्षातून दोनदा दिसतात, तेही बोटीवरून लांबून. हे वाचून उत्साह गेला असेल तर आत्ताच कळलं ते बरं झालं, एमएससीच्या दुसऱ्या वर्षाला कळण्यापेक्षा.

टप्पा १ : डिग्रीच्या आधी जाहिराती वाचा

"मरीन बायॉलॉजिस्ट" या नावाचं पद आपल्याकडे क्वचितच निघतं. त्या नावाने सर्च करत बसलात तर काही सापडणार नाही. जाहिरातीत लिहिलेलं असतं प्रोजेक्ट असोसिएट, ज्युनिअर रिसर्च फेलो, फील्ड असिस्टंट, यंग प्रोफेशनल, किंवा पर्यावरण सल्लागार कंपन्यांकडे "इकॉलॉजी अँड बायोडायव्हर्सिटी"चा फंक्शनल एरिया एक्स्पर्ट. तर एक शनिवार-रविवार काढा आणि या संस्थांच्या वेबसाइटवरच्या जुन्या जाहिराती वाचा: गोव्यातली एनआयओ (समुद्रविज्ञान), तिचं मुंबईचं केंद्र, कोचीची सीएमएफआरआय (सागरी मत्स्यसंशोधन), वर्सोव्याची सीआयएफई (मत्स्यशिक्षण), चेन्नईची एनआयओटी (समुद्र तंत्रज्ञान), कोचीची सीएमएलआरई (सागरी जीवसंपदा), डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट आणि आपलं मँग्रोव्ह फाउंडेशन.

निदान वीस जाहिराती. वहीत तीन रकाने पाडा: डिग्री कुठली मागितली, स्किल काय मागितलं, कामाचा कालावधी किती. वीस झाल्या की चित्र आपोआप दिसतं. डिग्रीच्या ओळीत "एमएससी मरीन बायॉलॉजी / झूलॉजी / समकक्ष" असं दिसेल, म्हणजे डिग्रीचं नाव तुम्हाला वाटतं तेवढं महत्त्वाचं नाही. स्किलच्या ओळीत मात्र टॅक्सॉनॉमी (प्रजाती ओळखणं आणि त्यांचं वर्गीकरण), आर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर), जीआयएस (संगणकावरचे नकाशे), फील्डचा अनुभव हे पुन्हा पुन्हा येईल.

तपासणी : वीस जाहिरातींपैकी निदान पाच वाचून "हे काम मला रोज करायला आवडेल" असं वाटलं का? नसेल वाटलं तर तुम्हाला समुद्र आवडतो, समुद्रावरचं हे काम आवडत नाही. दोन्ही वेगळं आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

टप्पा २ : बारावीनंतरचा फाटा

इथे सगळ्यात मोठी चूक होते आणि ती सुधारणं महाग पडतं. बायॉलॉजी घेऊन बारावी झाल्यावर दोन रस्ते आहेत.

एक, बीएफएससी म्हणजे मत्स्यविज्ञान, चार वर्षांचा. कोकणात रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं कॉलेज आहे, प्रवेशाला एमएचटी-सीईटी लागते. दुसरा रस्ता साधी बीएससी: झूलॉजी, मायक्रोबायॉलॉजी किंवा बॉटनी. हो, बॉटनी सुद्धा. समुद्री शेवाळं आणि फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) ओळखणारी माणसं शोधून सापडत नाहीत.

फरक काय? बीएफएससीवाल्याला मत्स्यव्यवसाय खातं, मत्स्यशेती, हॅचरी, बँकेतली फिशरीजची पदं आणि पुढे सीआयएफईची एमएफएससी हे सगळं उघडं राहतं. बीएससीवाल्याला मरीन बायॉलॉजीची एमएससी, समुद्रविज्ञान, इकॉलॉजी हा रस्ता सरळ. पण बीएससी झूलॉजी करून मग "आता सीआयएफईला एमएफएससी करतो" म्हणणारे दरवर्षी भेटतात आणि तिथे बहुतेक विषयांना बीएफएससीच लागते हे त्यांना फॉर्म भरताना कळतं. तीन वर्षं झाल्यावर.

इशारा : सरकारी मत्स्यव्यवसाय अधिकारी व्हायचं डोक्यात असेल तर बारावीलाच बीएफएससीकडे वळा, नंतर वळणं अवघड. आणि "बीएससी मरीन सायन्स" असं आकर्षक नाव असलेला कुठलाही कोर्स घेण्याआधी तिथून मागच्या तीन वर्षांत पास झालेली पाच मुलं शोधा आणि ती आज काय करतात ते फोन करून विचारा. कॉलेजला विचारू नका, मुलांना विचारा.

टप्पा ३ : सहा महिने एकच किनारा

बीएससीच्या दुसऱ्या वर्षापासून हे सुरू करता येतं, पैसे जवळपास शून्य लागतात, आणि तरी दहातले नऊ जण करत नाहीत. जवळचा एक खडकाळ किनारा निवडा आणि महिन्यातून दोनदा, सहा महिने, त्याच जागी जा. दहा किनारे एकेकदा बघण्यापेक्षा एक किनारा बारा वेळा बघा. ऑक्टोबर ते मार्च बरा, पावसाळ्यात खडकांवर जायचं नाही.

पहिली गोष्ट भरती-ओहोटी. ॲपवर वेळा मिळतात पण आपल्याकडच्या कोळ्यांचा हिशेब पाठ करून ठेवा, तिथी गुणिले पाऊण. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास पुढे-मागे ओहोटी. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार उतरत नाही, तेव्हा जाऊन उपयोग नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी खूप खाली जातं पण ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या आगेमागे येते, थंडीत तेव्हा अंधारच असतो. म्हणून प्रतिपदा-द्वितीया धरा. पाणी तेवढंच उतरतं आणि ओहोटी सकाळी सात-साडेसातला उजेडात मिळते.

नेहमीची चूक म्हणजे ओहोटीच्या वेळेला पोचायचं. सातची ओहोटी म्हणून सातला पोचलात तर पाणी तुमच्या मागे मागे वर यायला लागलेलं असतं. दीड तास आधी पोचा, उतरत्या पाण्याबरोबर खाली जा, ओहोटीच्या क्षणी सगळ्यात खालच्या पट्ट्यात असा, आणि पाणी वळलं की काम असेल तिथे सोडून परत फिरा. एक जण किनाऱ्यावर बसून वेळ बघणारा हवाच. एकट्याने जायचं नाही, हे मी दोनदा सांगत नाही.

सामान: पीव्हीसी पाइपची ५० बाय ५० सेंटिमीटरची चौकट, जिला क्वाड्रॅट म्हणतात, चारशे रुपयांत घरी होते. ३० मीटरचा टेप, पेन्सिल (पेन नाही, ओलं झालं की शाई गेली), जाड सोलचे बूट, पाणी, मोबाइलला प्लास्टिकची पिशवी.

काम असं. वरून खाली टेप टाका. टेपवर ठरलेल्या अंतरावर क्वाड्रॅट ठेवा, फोटो काढा, आतलं सगळं मोजा. वर बारीक गोगलगाई दिसतील, मग बार्नॅकल (खडकाला घट्ट चिकटलेले कवचवाले जीव) आणि कालवं, खाली झोअँथिड (प्रवाळांच्या नात्यातले मऊ जीव) आणि शेवाळं. जे ओळखता येत नाही त्याला "गोगलगाय अ", "गोगलगाय ब" असं नाव द्या आणि शेवटपर्यंत तेच नाव चालवा.

आता सगळे जे चुकतात ते. क्वाड्रॅट "जिथे काहीतरी छान दिसतंय" तिथे ठेवला जातो. तो डेटा नाही, ती फोटोग्राफी झाली. अंतरं घरीच, चिठ्ठ्या टाकून किंवा मोबाइलवर रँडम नंबर काढून ठरवा आणि तिथे नुसता उघडा खडक आला तरी तोच मोजा. शून्य लिहायला शिका. पहिल्या सर्व्हेत माझ्या वहीत एकही शून्य नव्हतं आणि आमच्या गाइडने वही न उघडताच, नुसतं तक्ता बघून, "परत जा" म्हटलं होतं.

इशारा : शंकूच्या आकाराचे सुंदर शंख, म्हणजे कोन स्नेल, जिवंत असतील तर हात लावू नका, विषारी डंख असतो. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, वाळूत पाखट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, बसलेली असते. आणि उचललेला दगड जसा होता तसाच उलटा करून ठेवा, खालची बाजू वर ठेवलीत तर तिथले जीव उन्हात मरतात.

मुंबईत असाल तर "मरीन लाइफ ऑफ मुंबई"चे किनारा वॉक असतात, सुरुवातीला त्यांच्याबरोबर जा. ओळख पटवायला आयनॅचरलिस्ट या वेबसाइटवर फोटो टाका.

तपासणी : सहा महिन्यांनी तुमच्याकडे एकच एक्सेल शीट हवी. प्रत्येक ओळीला तारीख, वेळ, जागा, क्वाड्रॅट नंबर, जीव, संख्या. अनोळखी माणसाला ती शीट दिली आणि तुम्हाला एकही प्रश्न न विचारता त्याला ती समजली तर जमलं.

टप्पा ४ : एक गट पकडा

"मला सगळंच आवडतं" हे मुलाखतीत चालत नाही. पॉलिकीट, खेकडे, शिंपले, शार्क-पाखट, प्लँक्टन, शेवाळं, यातला एक गट पकडा आणि त्यातल्या आपल्या भागातल्या तीस-चाळीस प्रजाती डोळे मिटून ओळखता येतील एवढं करा.

माशांत रस असेल तर बंदरावर जा. मिरकरवाडा, हर्णै, ससून डॉक, पहाटे. लिलावाच्या वाटेत उभं राहू नका, आधी मावशींशी दोन शब्द बोला, कॅमेरा नंतर काढा. लोक सुरमई-पापलेटचे फोटो काढत बसतात, तुम्ही बाजूला पडलेला टाकाऊ मासळीचा ढीग बघा. ट्रॉलरच्या जाळ्यात काय काय येतं ते तिथे कळतं, छोटे शार्क, समुद्री साप, कोवळी पिल्लं, सगळं तिथेच असतं.

एक सवय लावा: स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही लिहायची. बोंबील म्हणजे हार्पाडॉन नेहेरियस, बांगडा म्हणजे रास्ट्रेलिगर कनागुर्टा, इथे गोंधळ नाही. पण सरंगा कुठे पापलेटला म्हणतात तर कुठे हलव्याला, आणि नुसतं "सरंगा, १२ किलो" लिहिलंत की ती नोंद गेली. शास्त्रीय नाव चालू आहे की बदललंय ते वर्म्स या डेटाबेसवर तपासा, माशांसाठी फिशबेस.

टप्पा ५ : एमएससी

इथे फार लिहीत नाही. कोचीची कुसॅट, तमिळनाडूत परंगीपेट्टईला वेल्लार खाडीच्या तोंडाशी असलेलं अण्णामलै विद्यापीठाचं केंद्र, गोवा विद्यापीठ, पाँडिचेरी विद्यापीठाचा पोर्ट ब्लेअर कॅम्पस, हे नेहमीचे पर्याय. बाहेर जायचं असेल तर युरोपात गेंट विद्यापीठाच्या समन्वयाने चालणारी आयएमबीआरसी ही एमएससी आहे. निवडताना रँकिंग बघू नका, तुमच्या गटावर काम करणारा गाइड आहे का आणि फील्डला बोट मिळते का एवढं बघा. समुद्रापासून सातशे किलोमीटरवर बसून पीपीटीवर प्रवाळ शिकवणारेही कोर्स आहेत.

टप्पा ६ : इंटर्नशिपची मेल

पन्नास शास्त्रज्ञांना एकाच मेलमध्ये सीसी करून "रिस्पेक्टेड सर, आय ॲम पॅशनेट अबाउट ओशन" पाठवलंत तर पन्नासही जण डिलीट करतात. एका माणसाला एक मेल. पहिल्या दोन ओळीत तुम्ही कोण आणि त्यांच्या कुठल्या कामाबद्दल लिहिताय, पुढच्या दोन ओळीत तुम्हाला काय येतं, मग कुठल्या महिन्यापासून किती आठवडे मोकळे आहात. बरोबर एका पानाचा सीव्ही आणि टप्पा ३ ची शीट. ती शीट जोडणारा विद्यार्थी हजारात एक असतो. दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

उन्हाळ्यासाठी एप्रिलमध्ये लिहिणं म्हणजे उशीर. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या समर फेलोशिपचे अर्ज आदल्या वर्षीच्या शेवटीच मागवतात. आणि काही संस्था डिझर्टेशनसाठी फी घेतात, ते आधी विचारा म्हणजे तोंडघशी पडायला नको.

टप्पा ७ : नमुने गोळा करण्याआधी कायदा, आणि मग बाटली

प्रवाळ, सी फॅन (पंख्यासारखं दिसणारं प्रवाळ), समुद्री काकडी, समुद्रघोडे, कासवं, देवमासे हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात. मेलेला, वाळलेला, किनाऱ्यावर सापडलेला तुकडासुद्धा. पूजेच्या दुकानात "इंद्रजाल" म्हणून फ्रेम करून विकतात ना, ते सी फॅन किंवा काळं प्रवाळ असतं आणि बाळगणं गुन्हा आहे. म्हणून विद्यार्थी असाल तर फोटो काढा, उचलू नका. कॉलेजच्या म्युझियमसाठी म्हणून सुद्धा नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यासारख्या संरक्षित जागेत तर वनखात्याच्या परवानगीशिवाय नमुना घ्यायचाच नाही. कासव किंवा डॉल्फिन वाहून आलेलं दिसलं तर वनखात्याच्या १९२६ वर फोन करा.

परवानगी असलेलं काम असेल तेव्हा घरातून निघण्याआधी एक प्रश्न: या नमुन्याचं पुढे काय करणार? आकार-रचना बघायची असेल तर चार-पाच टक्के फॉर्मॅलिन, बोरॅक्स घालून. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल, फॉर्मॅलिन अजिबात नाही, कारण फॉर्मॅलिनने डीएनए तुटतो. माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये आम्ही एका अख्ख्या सीझनचे नमुने फॉर्मॅलिनमध्ये घातले, आणि सहा महिन्यांनी बारकोडिंग, म्हणजे डीएनएवरून प्रजाती ओळखणं, करायचं ठरलं. एकही चाललं नाही. ज्याने आधी विचारायला हवं होतं तो मीच होतो. तेव्हापासून प्रत्येक जागेचे दोन संच, दोन वेगळ्या झाकणांचे. इथेनॉल मिळायला उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याची भानगड असते, संस्थेकडून महिनाभर आधी मागवा.

गाळ चाळायला तळाच्या मोठ्या जीवांसाठी ०.५ मिलिमीटरची चाळणी. लेबल बाटलीच्या आत, पेन्सिलीने, जाड कागदावर. बाहेरचं लेबल बोटीवरच निघून जातं.

टप्पा ८ : आर, क्यूजीआयएस, आणि स्कूबाबद्दल थोडं कडू

आर शिका, त्यातलं इकॉलॉजीच्या डेटासाठीचं व्हेगन पॅकेज शिका, क्यूजीआयएसमध्ये नकाशा काढायला शिका. तिन्ही फुकट आहेत. सराव टप्पा ३ च्या स्वतःच्या शीटवर करा, यूट्यूबवरच्या फुलांच्या डेटावर नको.

स्कूबा. मालवणला पर्यटक करतात ते सर्टिफिकेशन नव्हे, इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून फिरवून आणतो. सर्टिफिकेट हवं तर ओपन वॉटर कोर्स करा, १८ मीटरपर्यंतचा, तारकर्लीला एमटीडीसीची संस्था आहे. पण आधी पोहायला शिका. आणि खरं सांगायचं तर कोकणात बहुतेक काम चिखल, खारफुटी, बंदर आणि प्रयोगशाळेत असतं, पाणी इतकं गढूळ की खाली हाताला हात दिसत नाही. प्रवाळावर काम करायचं असेल तरच स्कूबावर पैसे घाला. नाहीतर तेवढ्या पैशात चांगला सेकंडहँड मायक्रोस्कोप येतो.

टप्पा ९ : परीक्षा आणि पहिलं काम

सीएसआयआर नेट, म्हणजे संशोधन फेलोशिपची परीक्षा, लाइफ सायन्सेसमधून द्या. गेटला इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन असा स्वतंत्र पेपर आहे, तो फार जणांना माहीतच नसतो. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि घरभाडं. एनआयओत पीएचडी एसीएसआयआर या सीएसआयआरच्या पदव्या देणाऱ्या अकादमीमार्फत होते. नेटसाठी दोन वर्षं खोलीत कोंडून घेऊ नका, प्रोजेक्टवर काम करत करत द्या. गॅप असलेला पण फील्ड नसलेला सीव्ही सगळ्यात अवघड.

मग पुढे काम आहे का?

कायमस्वरूपी शास्त्रज्ञाच्या जागा कमी आहेत आणि कमीच राहतील असं मला वाटतं. पाच-सहा वर्षं प्रोजेक्टवरून प्रोजेक्टवर उड्या मारायची तयारी ठेवा, घरच्यांनाही ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर प्रत्येक गणपतीत "पर्मनंट झालास का" ऐकावं लागतं.

पण काम वाढतंय, फक्त वेगळ्या दारांनी. पहिलं दार पर्यावरण परिणाम अहवालांचं. किनाऱ्यावर मोठं बंदर, पूल, जेटी काहीही करायचं तर त्याआधी तिथल्या जीवांची पाहणी लागते. पालघरचं वाढवण बंदर जून २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलं, ७६,२२० कोटींचं. मुंबईच्या कोस्टल रोडला वरळी-हाजीअलीजवळचे प्रवाळ हलवावे लागले होते. या कामात पैसा संशोधनापेक्षा बरा असतो आणि मनाला टोचणीही जास्त असते, कारण तुमच्या अहवालातली "महत्त्वाची जैवविविधता आढळली नाही" ही एक ओळ कोणाला तरी हवी असते. ती लिहायची की नाही हे तुम्हाला ठरवावं लागेल, एकदा नाही, दरवेळी.

दुसरं दार खोल समुद्राचं. २०२१ मध्ये मंजूर झालेलं डीप ओशन मिशन ४,०७७ कोटींचं, त्यात तीन माणसांना ६,००० मीटर खाली नेणारी मत्स्य ६००० पाणबुडी. बातम्या पाणबुडीच्या येतात, पण मध्य हिंदी महासागरात भारताला खनिज गोळ्यांच्या शोधासाठी जो ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा मिळालाय तिथे खणण्याआधी तळाला काय राहतं ते नोंदवावं लागतं. म्हणजे शेवटी किडे ओळखणाराच लागतो.

तिसरं, पाण्यातल्या डीएनएवरून प्रजाती शोधायचं तंत्र. याने टॅक्सॉनॉमी संपेल म्हणतात, मला उलट वाटतं. मशीन जुळवून बघतं ते आधी कोणीतरी नीट ओळखून टाकलेल्या नमुन्याशी, आणि आपल्या किनाऱ्यावरचे असंख्य जीव त्या यादीत नाहीतच. दोन्ही येणारा माणूस दुर्मिळ आहे, तिथे जागा आहे.

चौथं, खारफुटी आणि मत्स्यशेती. वनखात्याचा मँग्रोव्ह सेल २०१२ पासून आहे, गावांबरोबर खेकडा-कालवं पालनासारखी कामं चालतात. इथे तुमची इंग्रजी कोणी विचारत नाही, गावातल्या बायकांशी बसून बोलता येतं का ते बघतात.

पहिलं ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी बघा

मुदत किती आणि वाढ कोणाच्या हातात. फील्डचा प्रवास-जेवण खर्च आधी मिळतो की बिलं लावून चार महिन्यांनी. बोटीवर विमा आणि लाइफ जॅकेट. तुम्ही गोळा केलेल्या डेटावर पेपरमध्ये तुमचं नाव येणार का, हे तोंडी नको, मेलवर लिहून घ्या. आणि बोट लागते का तुम्हाला? ते जॉइन होण्याआधी एकदा भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने जाऊन या, शक्यतो वारं असलेल्या दिवशी.